आत्रेयीने आश्रम का सोडला?

भवभूती आमचा, असे आम्ही गोंदिया जिल्ह्यातील मंडळी मोठ्या अभिमानाने सांगतो. आठव्या शतकातील या नाटककाराने आपल्या नाटकांच्या प्रस्तावनेत घराण्याचे गाव म्हणून पद्मपुराचे नाव घेतले आहे. ते पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे पदमपूर, हे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचे मत आम्हांला वेदवाक्याच्या ठिकाणी आहे. (इतरांनी इतर स्थळे सुचवली आहेत, तो वाद येथे नको.) आमगावच्या महाविद्यालयाला भवभूतीचे नाव आहे. त्याच्या करुणरसावर आमच्याकडे व्याख्याने होतात, एम.ए.च्या प्रश्नपत्रिकेत सीतेच्या त्यागावर टिपा येतात. परंतु 'उत्तररामचरिता'च्या दुसऱ्या अंकाच्या आरंभी एक विद्यार्थिनी रंगमंचावर येते आणि आपण शाळा का सोडली ते सांगते, याकडे शिक्षकांच्या या जिल्ह्यात कोणी फारसे लक्ष दिल्याचे माझ्या ऐकण्यात नाही.

त्या विद्यार्थिनीचे नाव आत्रेयी. वाल्मीकींचा आश्रम सोडून ती दंडकारण्यात अगस्त्य आदी ऋषींकडे वेदान्त शिकायला निघाली आहे. वाटेत भेटलेली वनदेवता वासंती तिला विचारते की दूरदूरचे मुनी ज्या वाल्मीकींकडे अध्ययनासाठी येतात, त्यांनाच सोडून तू का निघालीस? आत्रेयी दोन कारणे देते. पहिले कारण, आश्रमात आलेली दोन मुले. लव आणि कुश इतके तल्लख आहेत की त्यांच्याबरोबर आमच्यासारख्यांचे अध्ययन जमणे शक्य नाही. दुसरे कारण अधिक मौजेचे आहे. क्रौंचवधाच्या प्रसंगानंतर गुरुजी रामायण रचण्यात गढून गेले आहेत. म्हणजे एकीकडे वर्गाचा वेग दोन हुशार मुलांनी ठरवलेला, आणि दुसरीकडे गुरुजी अन्य कामात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने शिक्षकांना जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणूक एवढीच अशैक्षणिक कामे ठेवली आहेत. महाकाव्याचा त्यात उल्लेख नाही, आणि रोज रात्री भरायच्या ऑनलाइन माहितीचाही नाही.

याच प्रसंगात आत्रेयीच्या तोंडी तो श्लोक आहे, जो पुढे सुभाषित म्हणून नाटकाबाहेर पडला आणि आजही निकालाच्या दिवशी एखादे ज्येष्ठ गुरुजी हमखास म्हणून दाखवतात. आशय असा, की गुरूचे देणे हुशाराला आणि मंदाला सारखेच असते. फळ वेगळे येते ते घेणाऱ्याच्या जातकुळीमुळे. रत्न आणि माती यांचा दृष्टान्त सर्वांच्या परिचयाचा आहे. आमच्या शिक्षकी पेशाला यापेक्षा सोयीचा श्लोक संस्कृत वाङ्मयात दुसरा सापडणार नाही. मी सर्वांना सारखे शिकवले, माझे कर्तव्य संपले. ज्याला आले नाही तो मातीचा.

विष्कंभकाचे प्रयोजन वेगळे आहे, मधली बारा वर्षे प्रेक्षकांना कळवण्यासाठी तो योजला आहे, आत्रेयी ही केवळ निवेदनाची सोय आहे, असे नाट्यशास्त्र शिकवणारे म्हणतील. ते खरे आहे. पण सोयीपुरत्या आणलेल्या पात्राच्या तोंडी नाटककार जे घालतो ते त्याच्या काळाला स्वयंसिद्ध वाटणारे असते, म्हणूनच ते विचारात घेण्याजोगे असते. आणि विसंगती तर भवभूतीनेच ठेवली आहे. जी मुलगी वेदान्त शिकण्यासाठी एकटी अरण्य तुडवत निघते ती माती नव्हे. तिला वाल्मीकींच्या वर्गात जागा उरली नाही, एवढेच. आणि आपल्याला बाहेर पडावे लागल्याचे तत्त्वज्ञानही तिनेच सांगावे, हे मला त्या अंकातील खरे करुण स्थळ वाटते.

हे सगळे आठवण्याचे कारण एक पालकसभा.

जिल्ह्याच्या पूर्वेकडील एका प्राथमिक शाळेत मी पाहुणा म्हणून गेलो होतो. गाव आणि शाळा यांची नावे सांगण्याचे कारण नाही. असे गाव आठही तालुक्यांत सापडेल. सभेला तीसेक पालक होते, बहुतेक आया आणि काही आजोबा. शाळेने त्या वर्षी तिसरी ते पाचवीच्या मुलांचे भाषा आणि गणितापुरते गट केले होते आणि तालुक्याहून आलेले एक तज्ज्ञ त्याविषयी पालकांना समजावून सांगत होते. त्यांनी 'विभेदित अनुदेशन' हा शब्द चार वेळा उच्चारला. 'अध्ययन स्तर', 'कृतिकार्यक्रम', 'अध्ययन निष्पत्ती' हेही झाले. पालक मान डोलावत होते. मग मागच्या रांगेतील एक बाई उभी राहिली आणि म्हणाली, "सर, माझी पोरगी त्या कोपऱ्यातल्या चटईवर काऊन बसते?"

तज्ज्ञांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

माझा राग त्या क्षणापासूनचा आहे, आणि तो त्या बाईवर नाही. आमच्या शिक्षणविचारात पालक हा 'जनजागृती'चा विषय असतो. त्याला कळत नाही, त्याला कळवायचे असते. पण त्या बाईला जे कळले होते ते त्या सभेतील कोणालाच कळले नव्हते. शाळेत 'वेगळे बसवणे' याचा या समाजात एक अर्थ आहे आणि तो कोणत्याही प्रशिक्षणाच्या पुस्तिकेपेक्षा जुना आहे. साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकर नावाच्या मुलाला वर्गात निराळे बसावे लागे. बसायचे गोणपाट तो घरून आणी आणि शाळा सुटल्यावर परत नेई, कारण ते उचलायला शाळेचा नोकरही तयार नव्हता. ही आठवण बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. ज्या घरांत ही गोष्ट दर १४ एप्रिलला सांगितली जाते, त्या घरातील आईने कोपऱ्यातली चटई पाहून घाबरू नये, असे म्हणणाऱ्याला इतिहास ठाऊक नाही किंवा तो ठाऊक असून त्याला सोयीचा नाही. शिवाय शब्द तरी पाहा. 'विभेदित'! मराठीत 'भेद' म्हटला की पुढचा 'भाव' न बोलताच ऐकू येतो. ज्या कोणी ही संज्ञा घडवली त्याने कोश पाहिला असेल, पण मराठी ऐकली नसावी. आपण भाषेचे लोक आहोत; निदान आपल्याला तरी या शब्दाची लाज वाटायला हवी होती.

आता पालकांच्या बाजूने एवढे बोलल्यावर त्यांच्या विरुद्धही बोलले पाहिजे. त्या सभेत दुसरे एक गृहस्थ उठले. त्यांचा मुलगा पुढच्या गटात होता. त्यांचे म्हणणे असे, की सगळ्यांना एकच पुस्तक, एकच धडा, एकच गृहपाठ द्या. यालाच समानता म्हणतात. मागे राहणाऱ्यांसाठी माझ्या मुलाचा वेळ का घालवता? टाळ्या यांनाच पडल्या. त्यांना नकळत त्यांनी भवभूतीचाच श्लोक म्हटला होता. सारखे द्या, आणि मग रत्ने वेचून घ्या. नवेगावबांधच्या नवोदय विद्यालयाच्या मोजक्या जागांसाठी पाचवीतल्या मुलाला जुंपणाऱ्या बापाला हे गणित बरोबर वाटते यात नवल नाही. शहराकडच्या इंग्रजी शाळेची बस गावात येऊ लागल्यापासून तर सारखेपणा हीच विकत घेण्याची वस्तू झाली आहे. सारखा टाय, सारखी वही, सारखा वेग. ज्या मुलाला तो वेग झेपत नाही त्याची शिकवणी लावायची, म्हणजे जे शाळेने करायचे ते संध्याकाळी पैसे देऊन करून घ्यायचे. विसंगती अशी, की शिकवणीच्या बाईंनी आपल्या मुलाकडे स्वतंत्र लक्ष द्यावे, त्याला अडले तेथून सुरुवात करावी, हा याच बापाचा आग्रह असतो. त्याला तो भेद वाटत नाही. ते त्याला फी भरल्याचे फळ वाटते.

कायद्यात ही गोष्ट निःसंदिग्ध आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकाची कर्तव्ये दिली आहेत. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरज असेल तेथे त्याला जादा शिकवणे हे त्यांपैकी एक. लगेच पुढचे कर्तव्य, पालकांच्या नियमित सभा घेऊन त्यांना मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि झालेली प्रगती सांगणे. कायदा करणाऱ्यांनी ही दोन वाक्ये शेजारीशेजारी ठेवली. आम्ही पहिले प्रशिक्षणवर्गात नेले आणि दुसरे सह्यांच्या वहीत. याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश पालक असावेत असे म्हटले आहे. म्हणजे चटईविषयी विचारणारी बाई सभेत आगंतुक नव्हती. शाळा चालवणाऱ्यांच्या बाजूची होती.

आणि निकड किती आहे? २०२४ च्या 'असर' पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले निम्म्याहून कमी भरली. याचा अर्थ पाचवीचे पुस्तक उघडून सर्वांना सारखे शिकवणारा शिक्षक वर्गातील निम्म्या मुलांना काहीच शिकवत नसतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाचवी आणि आठवीत मुलाला मागे ठेवण्याची वाट राज्यांना पुन्हा मोकळी झाली आणि २०२३ मध्ये महाराष्ट्रही त्या वाटेने गेला. आता आत्रेयीला अरण्यात जाण्याचीही गरज नाही. ती त्याच वर्गात पुन्हा बसेल आणि त्याच वेगाने तोच धडा ऐकेल.

मग ज्याच्या-त्याच्या पायरीवरून शिकवणे (मी हाच शब्द वापरणार आहे) म्हणजे प्रत्यक्षात काय? पालकांना सांगायचे ते हे, आणि एवढ्या साध्या भाषेत. समजा पाचवीत पावसाची एक कविता आहे. ती सगळी मुले एकत्र ऐकतात, एकत्र म्हणतात. कविता कोणाच्या वाट्याची कापली जात नाही. त्यानंतरच्या वीस मिनिटांत मात्र कामे निराळी होतात. ज्यांना जोडाक्षर अडते ती मुले कवितेतील जोडाक्षरांचे शब्द शोधून मोठ्याने वाचतात आणि गुरुजी त्यांच्याजवळ बसतात. ज्यांना वाचता येते पण लिहिता येत नाही ती आपल्या गावच्या पावसावर चार ओळी लिहितात. उरलेली कवी जे सांगत नाही त्यावर आपापसांत वाद घालतात. पंधरा दिवसांनी पुन्हा पाहायचे, आणि जोडाक्षर सुटलेली मुलगी त्या चटईवरून उठते. भाषेत मागे असलेली मुलगी गणितात पुढच्या गटात असू शकते, असायलाच हवी. गट जर जूनमध्ये पडला आणि एप्रिलपर्यंत तोच राहिला, तर त्याला पायरी म्हणत नाहीत, तळघर म्हणतात. आणि त्या बाईची भीती मग शंभर टक्के खरी ठरते.

येथे एक पोटशाखा छाटून टाकतो. काही प्रशिक्षणांत असे सांगतात की कोणी मूल डोळ्यांनी शिकते, कोणी कानांनी, कोणी हातांनी, आणि त्याप्रमाणे मुलांची वाटणी करा. या समजुतीला पुरेसा पुरावा नाही, हे मानसशास्त्रज्ञांनी २००८ सालीच नीट तपासून मांडले आहे. मुलाला 'कानाचे' ठरवून त्याच्या हातून पुस्तक काढून घेणे हा नवा वर्णाश्रम झाला. कॅरल अॅन टॉमलिन्सन यांच्या नावावर जे खपवले जाते त्यातील किती त्यांचे आणि किती मधल्या अनुवादकांचे, हेही एकदा कोणी पाहावे.

आमच्या भागातील पालकांना हे समजत नाही, यावर माझा विश्वास बसत नाही त्याचे कारण धान. गोंदियाचा शेतकरी सगळ्या बांध्यांत एकच वाण लावतो का? वरच्या, पाणी न टिकणाऱ्या बांधीत हलके धान, जे लवकर निघते. खोलगट, तलावाखालच्या बांधीत भारी धान, जे उशिरापर्यंत पाणी मागते. पऱ्हे कमी पडले तर कोठे रोवणी करायची आणि कोठे आवत्या टाकायचा, हे त्याला कोणी पुस्तिकेतून शिकवलेले नाही. सगळ्या बांध्यांना सारखेच पाणी सोडणाऱ्याला गावात शहाणा म्हणत नाहीत. ही उपमा मी त्या सभेत दिलीही. माना हलल्या, तज्ज्ञ खूश झाले, आणि मीच घरी येताना अस्वस्थ झालो. कारण उपमा अर्धीच खरी आहे. हलके धान हे हलकेच असते. ते कितीही पाणी दिले तरी भारी होत नाही. मुलाला वाण नसतो. जोडाक्षरावर अडलेल्या मुलीला 'हलकी' म्हटले की मीही रत्न आणि माती यांच्याच दुकानात जाऊन बसलो. उपमेतून घ्यायचे असेल तर शेतकऱ्याचे बांधीकडे बारकाईने पाहणे घ्यावे, वाणाची नावे नकोत. दृष्टान्ताने माणसाला किती सहज फसवता येते याचा अनुभव मला साहित्य शिकवताना इतक्या वर्षांत आला नव्हता, तो त्या संध्याकाळी आला.

आणि 'मागे' तरी कोण असते? या जिल्ह्यात एका वर्गात घरी पोवारी बोलणारे मूल असते, गोंडी बोलणारे असते, हिंदी आणि छत्तीसगढीत वाढलेले असते, आणि झाडीबोलीचे तर असतेच. सालेकसा-देवरीकडे, जेथे एका बाजूला बालाघाट आणि दुसरीकडे छत्तीसगड लागते, तेथे मराठी ही पुष्कळ मुलांची शाळेत भेटणारी भाषा आहे. 'पानी' लिहिणाऱ्या मुलाला आम्ही शुद्धलेखनात मागे टाकतो. त्याने आपल्या आईचा उच्चार इमानाने लिहिला आहे हे आम्हांला ऐकूच येत नाही. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीसाठी आयुष्य वेचले, तिची साहित्य संमेलने भरली, आमच्यापैकी अनेकांनी त्यांत निबंध वाचले. त्या निबंधांतील बोलीचा गौरव सोमवारी सकाळी वर्गात येतो कोठे? बोलीतून आलेल्या मुलाला लागते ते निराळे काम, प्रमाण मराठीकडे नेणारी एक जादा पायरी. तिला 'उपचारात्मक वर्ग' म्हणणे म्हणजे घरच्या भाषेला आजार ठरवणे होय.

एक आक्षेप नेहमीचा आहे: शिक्षक एक, मुले चाळीस, हे जमणार कसे? गमतीची गोष्ट अशी की हे ज्यांना रोज करावे लागते ते हा आक्षेप घेत नाहीत. दोनशिक्षकी शाळेतील गुरुजी पहिली-दुसरी एका खोलीत आणि तिसरी-चौथी दुसऱ्या खोलीत घेऊन बसतात. एकाला काम देऊन दुसऱ्याकडे वळणे हे त्यांचे रोजचे जगणे आहे. तसेच हे काही परदेशातून आलेले नवल नाही. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली, तेव्हा मूल जेथे आहे तेथे शाळेने जायचे हे तत्त्व मराठी मुलुखाने पाहिले होते. आक्षेप येतो तो भरपूर शिक्षक असलेल्या शाळांतून, आणि त्याहून मोठ्याने आमच्या महाविद्यालयांतून. आम्ही बी.ए.च्या वर्गात एकाच आवाजात पंचेचाळीस मिनिटे टिपणे सांगतो, पुढच्या दोन बाकांकडे पाहून. मागच्या बाकावर देवरीहून पहाटेच्या बसने आलेली आत्रेयी बसलेली असते. दिवाळीनंतर ती येईनाशी होते. आम्ही हजेरीपटावर रेघ मारतो आणि आपल्या शोधनिबंधाकडे वळतो. वाल्मीकींच्या हातून निदान रामायण तरी झाले.

पालकांना समजावणे म्हणजे संज्ञा पाठ करून घेणे नव्हे. त्यांच्या चार प्रश्नांना उत्तरे देणे आहे. माझे मूल या गटात कशामुळे आहे, हे मला त्याच्या वहीत दाखवा. ते केव्हा उठेल? ते ठरवणार कोण? आणि तेथे बसल्यामुळे त्याचे काय बुडते? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'काही नाही' असे प्रामाणिकपणे देता येत नसेल, तर गट मोडावेत. जूनची वही आणि डिसेंबरची वही आईच्या हातात शेजारीशेजारी ठेवा. जिला वाचता येत नाही तिलाही अक्षर सुधारलेले दिसते, ओळी वाढलेल्या दिसतात. पुढच्या गटातील बापालाही त्याच्या मुलाची वही दाखवा, आणि त्याने वर्षभर आधीच येत असलेले किती वेळा लिहिले तेही मोजून दाखवा. टाळ्या मिळवणारे भाषण त्याने तेथेच थांबवले असते, असे मला वाटते.

फेब्रुवारीत मी त्याच शाळेत पुन्हा गेलो. या वेळी तज्ज्ञ नव्हते, गुरुजींनीच सभा घेतली आणि वह्या वाटल्या. ती बाई आली होती. तिची मुलगी भाषेच्या चटईवरून दिवाळीनंतरच उठली होती. गुरुजींनी ते सर्वांसमोर सांगितले. बाईने वही चाळली, पदराने तिच्यावरची खडूची भुकटी पुसली आणि विचारले, "आता तेथे कोण बसते?"

गुरुजींनी रजिस्टर उघडले आणि हळू आवाजात तीन नावे वाचली. त्यांतली दोन जूनमधलीच होती.